दुसरी बातमी छापायच्या आधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी जिल्हा दैनिकाचा वार्ताहर आहे. वय ३६. नेमणूकपत्र नाही, ओळखपत्राची मुदत गेल्या वर्षी संपली. मानधन नावापुरतं, घर चालतं ते जाहिरातींच्या कमिशनवर आणि बायकोच्या शिलाई मशीनवर. गेल्या महिन्यात इथल्या एका नळपाणी योजनेची बातमी केली. अंदाजपत्रकात जलवाहिनी ९० सेंटिमीटर खोल गाडायची आहे, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी ती वीतभर खोल आहे. बातमी आल्यावर ठेकेदाराच्या माणसाचा फोन आला, ‘मोटरसायकलवर फिरतोस ना, जपून फिर.’ चार दिवसांनी गावाबाहेरच्या पुलावर जीप आडवी लावून दोघांनी मला थांबवलं. म्हणाले, ‘पुढची बातमी आली तर गाडीखाली जाशील.’ पोलीस ठाण्यात गेलो तर ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो’ म्हणाले. आता ठेकेदाराचा निरोप आलाय की दिवाळी अंकाला पानभर जाहिरात देतो, ढाब्यावर बसून मिटवून टाकू. माझ्याकडे मोजमाप पुस्तिकेच्या, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवून ज्यावरून देयक निघतं त्या वहीच्या, पानांचे फोटो आहेत. दुसरी बातमी लिहून तयार आहे. संपादक म्हणतात, ‘बघा, तुमच्या जबाबदारीवर.’ बायको म्हणते, सोडून द्या. काय करू?

नमस्कार,

आधी थेट उत्तर. ढाब्यावर जाऊ नका. आणि दुसरी बातमी या आठवड्यात छापू नका. ती छापायची आहेच, पण आज ती फक्त तुमच्या फोनमध्ये आहे, तुमच्याशिवाय कुणाला नीट माहीत नाही आणि संपादकांनी हात झटकले आहेत. म्हणजे ती बातमी थांबवायची तर एका माणसाला थांबवलं की पुरे. समोरच्याला हे चांगलं कळतं. पुढचे दहा-पंधरा दिवस सगळी धडपड करायची ती हे गणित बदलण्यासाठी.

धमकी पोकळ आहे असं धरून चालू नका. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची रिफायनरीच्या वादाशी संबंधित बातमी ६ फेब्रुवारी २०२३ ला छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर चारचाकी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. बातमी ज्याच्याविषयी होती, तोच या प्रकरणातला आरोपी. खुनाचं कलम पहिल्या दिवशी लागलं नव्हतं. पत्रकारांनी आवाज उठवल्यावर ते लागलं. मध्य प्रदेशात भिंडला २६ मार्च २०१८ ला संदीप शर्मा यांच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. वाळूच्या धंद्यातली पोलिसांची हातमिळवणी त्यांनी उघड केली होती आणि जिवाला धोका असल्याचं वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना आधीच लेखी कळवलं होतं. छत्तीसगडच्या बिजापूरमध्ये रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार बाहेर काढणारे मुकेश चंद्राकार १ जानेवारी २०२५ ला बेपत्ता झाले. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये सापडला, वर ताजं काँक्रीट टाकलेलं होतं. आरोपी कंत्राटदार त्यांच्या नात्यातला.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. या तिन्ही प्रकरणांत तुमच्या उपयोगाचं बरंच आहे. तालुक्याच्या पत्रकारावरचा हल्ला बहुधा रस्त्यावर होतो आणि तो अपघात वाटावा असा प्रयत्न असतो. माणूस ओळखीचा, नात्यातला किंवा रोज चहा पिणारा असू शकतो. आणि पोलिसांकडे दिलेला एक अर्ज जीव वाचवेलच असं नाही. त्याच्याबरोबर आणखी चार गोष्टी कराव्या लागतात.

सर्वात आधी जाहिरातीचं, कारण तुमचं सर्वात कच्चं अंग तेच आहे. ज्याच्याविरुद्ध बातमी त्याच्याकडून जाहिरात घेतली की उद्या तो म्हणू शकतो, ‘बातमी थांबवायला पैसे मागितले.’ खंडणीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तो नोंदवून तपास करू शकतात. तुमची तक्रार एनसीत अडकते, त्याची मात्र त्याच दिवशी नोंदली जाऊ शकते. ढाब्यावरच्या टेबलाखाली फोन रेकॉर्डिंगला लावलेला असेल, तुम्ही सहज म्हणालात की ‘बघू, पानाचा काय दर धरता’, तर ते एक वाक्य त्याला पुरेल. म्हणून निरोपाला फोनवर उत्तर देऊ नका, मेसेजवर द्या आणि एवढंच लिहा: ‘तुमच्या कामाविषयीच्या बातमीचा आणि जाहिरातीचा संबंध नाही. जाहिरात घेणार नाही. बातमीविषयी म्हणणं असेल तर लेखी पाठवा, छापू.’ त्याचा स्क्रीनशॉट संपादकांना आणि आणखी एका पत्रकाराला लगेच पाठवा.

यूपीआयवर न मागता पैसे आले तर? तेही घडवून आणता येतं. रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात ताबडतोब परत करा, दोन्ही व्यवहारांचे स्क्रीनशॉट घ्या आणि त्याच दिवशी संपादकांना ईमेल करा. ‘उद्या बघू’ म्हणून दोन दिवस पैसे खात्यात राहिले तर तेच तुमच्याविरुद्ध जातं. यापुढे या योजनेशी संबंध असलेला ठेकेदार, पोटठेकेदार, सरपंच, त्यांचा पक्ष, यांच्या जाहिराती तुमच्या हातून जाऊच देऊ नका. घराला त्याची झळ बसेल, हे कळतं. वार्ताहरालाच जाहिराती गोळा करायला लावणारी पद्धत मुळात अन्यायाची आहे आणि तिचा फास तुमच्याच गळ्याशी येतो. दैनिकाला सांगा की तुमच्या भागातल्या राजकीय आणि ठेकेदारी जाहिराती जिल्हा कार्यालयातून थेट घ्याव्यात.

आता पोलीस ठाणं. अंमलदार ‘एनसी’ म्हणाला, कारण नुसती धमकी कायद्याच्या अनुसूचीत अदखलपात्र आहे. ठार मारण्याच्या धमकीला कलम ३५१(३) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा असली तरीही. पण तुमच्याकडे नुसती धमकी नाही. पुलावर जीप आडवी लावून तुमची वाट अडवली, हा कलम १२६(२) खालचा गुन्हा आहे. शिक्षा किरकोळ, महिनाभराची, पण गुन्हा दखलपात्र. आणि एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तर सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं, असं फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचं, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम १७४(४) सांगतं. तुम्ही तोंडी सांगताना फोन आणि धमकीवर भर दिला असेल, जीपचा उल्लेख ओझरता केला असेल. बहुतेक तक्रारी इथेच पडतात.

म्हणून तक्रार लेखी द्या, दोन प्रतींत. सुरुवात पुलापासून करा: तारीख, वेळ, पुलाचं नाव, जीपचा रंग आणि क्रमांक (अर्धवट आठवत असेल तर तेवढाच), दोघांचे कपडे, उंची, कोण काय बोललं, तुम्ही किती वेळ अडकून होता, कसे सुटलात. बोललेले शब्द जसेच्या तसे लिहा, शिवीसुद्धा. ‘अर्वाच्य भाषेत बोलून धमकावले’ असं सभ्य वाक्य लिहिलं की ठार मारण्याची धमकी कागदावरून गायब होते. त्यानंतर फोनची घटना, क्रमांक आणि वेळेसह. शेवटी बातमीची तारीख, कात्रण आणि हे वाक्य: ‘सदर प्रकार माझ्या अमुक तारखेच्या बातमीमुळे घडला आहे.’ बातमी आणि हल्ला यांचा धागा कागदावर पहिल्या दिवशी जोडलेला असला पाहिजे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. हवालदार स्वतःच्या शब्दांत जबाब लिहून घेईल, तो वाचल्याशिवाय सही करू नका. चुकीचं असेल तिथे बदलायला लावा.

तक्रार घेतलीच नाही तर वाद घालू नका. तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोच मिळेल अशा स्पीड पोस्टने पाठवा. कलम १७३(४) त्यासाठीच आहे. तिथूनही काही हललं नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिताकुमारी प्रकरणात २०१३ साली सांगितलं आहे. अर्जात एवढा उल्लेख करा, पानभर कायदा उतरवू नका. आधीची एनसी नोंदवली गेली असेल तर तिचा क्रमांक मागून घ्या. तिचा तपास व्हावा म्हणूनही न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश मागता येतो.

एक घाई मात्र करा. पुलाच्या आसपास पेट्रोल पंप, ढाबा, खताचं दुकान असेल तर तिथल्या कॅमेऱ्याचं चित्रण जुन्यावर नवं चढत पुसलं जातं, कुठे आठवड्यात तर कुठे महिन्याभरात. तक्रारीत त्या जागांची नावं देऊन ‘चित्रण ताब्यात घ्यावे’ असं लिहा. मालक ओळखीचा असेल तर तो भाग वेगळा काढून ठेवायला सांगा.

महाराष्ट्रात पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. २०१७ साली विधिमंडळाने तो मंजूर केला आणि राष्ट्रपतींची संमती मिळाल्यावर २०१९ मध्ये तो आला. हिंसेला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने करायचा, नुकसानभरपाईही हल्लेखोराकडून. यातली उपअधीक्षकाची अट फार कामाची आहे, कारण तपास स्थानिक ठाण्याच्या हातून वर जातो. पण कायदा कुणाला लागू होतो ते बघा. पत्रकारिता हा ज्याचा मुख्य व्यवसाय आहे आणि जो नोंदणीकृत वृत्तपत्रात किंवा वृत्तवाहिनीत कायम किंवा कंत्राटी म्हणून काम करतो, त्याला. तुमच्याकडे नेमणूकपत्र नाही, ओळखपत्र मुदतबाह्य. उद्या आरोपीचा वकील उभा राहून पहिला प्रश्न हाच विचारेल, ‘हे पत्रकार आहेत याला पुरावा काय?’ आणि खोटी तक्रार केल्याचं सिद्ध झालं तर तक्रारदारालाही शिक्षा आहे, म्हणून तक्रारीत एक शब्दही फुगवून लिहू नका.

तेव्हा संपादकांच्या ‘तुमच्या जबाबदारीवर’ला असं उत्तर द्या. त्यांना ईमेल करा, व्हॉट्सॲप नव्हे. मागा ते नेमकं मागा: नाव, भाग, कधीपासून काम करता ती तारीख, वृत्तपत्राचा नोंदणी क्रमांक, सही-शिक्का असलेलं पत्र, चालू वर्षाचं ओळखपत्र आणि या एका बातमीसाठी ‘सदर बातमीचे काम आमच्या सूचनेवरून’ अशी एक ओळ. पत्र द्यायला खळखळ झाली तर निदान मानधनाच्या बँक नोंदी, नावानिशी छापून आलेल्या वर्षभराच्या बातम्यांची कात्रणं आणि डेस्कशी झालेले मेसेज एका फाइलला लावून ठेवा. तेही चालतं, पण पत्रासारखं भक्कम नाही. नकारच आला तर ही बातमी त्या दैनिकासाठी जिवावर उदार होऊन करू नका. दुसऱ्या मोठ्या दैनिकाच्या जिल्हा प्रतिनिधीकडे ती कागदांसह सोपवता येते. नाव तुमचं नाही आलं तरी गावाला पाणी मिळण्याशी मतलब आहे.

नावाचंच निघालं म्हणून. ‘प्रतिनिधी’ एवढंच छापून तालुक्यात कुणी लपत नाही. बातमी कुणाची हे सकाळी आठच्या आत चावडीवर माहीत असतं. लपण्यापेक्षा गर्दीत उभं राहणं बरं. तुमच्या तालुक्यात इतर दैनिकांचे तीन-चार वार्ताहर असतीलच. एकमेकांशी चढाओढ असते, हेवेदावे असतात, पण त्यातल्या दोघांवर तरी विश्वास असेल. त्यांना कागद द्या (मोजमाप पुस्तिकेचे फोटो नव्हेत, त्याविषयी पुढे सांगतो), त्यांनी आपापली पडताळणी करावी आणि बातमी एकाच दिवशी तीन ठिकाणी यावी. एक्स्क्लुझिव्हचा मोह या बातमीपुरता सोडा. तिघांनी छापलेली बातमी एकाला धमकावून मागे घेता येत नाही, आणि मग त्या एकाला धमकावण्यातही फायदा उरत नाही.

मोजमाप पुस्तिकेच्या फोटोंविषयी सांगायलाच हवं, कारण इथे धोका तुमचा कमी आणि दुसऱ्याचा जास्त आहे. ते फोटो छापू नका, कुणाला पुढे पाठवूही नका. पानाचा दुमडलेला कोपरा, पेन्सिलची खूण, फोटोत आलेली टेबलावरची काच, सावली, यावरून शाखेतला कुठला माणूस हे अर्ध्या तासात ओळखतात. पत्रकाराला स्रोत न सांगण्याचं पूर्ण संरक्षण आपल्याकडे कायद्याने दिलेलं नाही. प्रेस कौन्सिलसमोर सक्ती होत नाही, न्यायालयात विचारलं जाऊ शकतं. म्हणून तोच कागद सरळ दाराने मिळवा. माहिती अधिकारात अर्ज करा, पण तुमच्या नावाने आणि तुमच्याच गावातून नको. जिल्ह्याच्या ठिकाणचा एखादा कार्यकर्ता किंवा वकील करू शकतो. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमांनुसार एक विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, त्यामुळे नेमकं मागा: ‘अमुक योजनेचे मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची जलवाहिनी खोदकाम व पाइप अंथरण्याच्या नोंदींची पाने, अदा केलेल्या देयकांच्या प्रती.’ उत्तराला ३० दिवस. कारण विचारायचा अधिकार कार्यालयाला नाही आणि संपर्कापुरत्या पत्त्यापलीकडे अर्जदाराची वैयक्तिक माहितीही मागता येत नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट सांगतं. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर अपिलात कलम ८(२) मधला जनहिताचा मुद्दा मांडा. शिवाय शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणे जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. आधी तिथे जाऊन बघितलं तर कुठली पानं मागायची ते नेमकं कळतं. तिथेही तुम्ही जाऊ नका, कार्यकर्त्याला जाऊ द्या.

यात महिना जाईल. जाऊ द्या. पाइप जमिनीतच राहणार आहे.

तेवढ्यात प्रत्यक्ष जागेवरचा पुरावा पक्का करा. उघड्या पडलेल्या पाइपशेजारी टेप धरून, जमिनीची पातळी आणि पाइपची वरची कड दोन्ही दिसतील असा फोटो. तारीख, वेळ आणि स्थान दाखवणारं कॅमेरा ॲप वापरा. एका गल्लीत एक नको, योजनेच्या लांबीवर पाच-सहा ठिकाणी. प्रत्येक जागी गावातली दोन माणसं हजर असू द्या. स्वतः कुदळ मारून खणू नका. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून तुमच्यावरच गुन्हा दाखल होईल. गावकऱ्यांनी ग्रामसभेत किंवा लेखी अर्जाने शाखा अभियंत्यासमक्ष खोली मोजून पंचनामा मागावा, तुम्ही फक्त त्याची बातमी करा. पाणीपुरवठा कार्यालयात जाताना बरोबर कुणीतरी असू द्या, आवाज चढवू नका. सरकारी कामात अडथळा आणि कर्मचाऱ्यावर बळाचा वापर, कलम १३२, हे पत्रकाराला गप्प करायचं जुनं हत्यार आहे. प्रश्न ईमेलनेच विचारा.

मूळ फोटो आणि रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, रिसेट करू नका. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दबतो आणि त्यातली वेळ-स्थानाची माहिती जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. एक प्रत पेन ड्राइव्हवर, तालुक्याबाहेरच्या नातेवाइकाकडे. एक प्रत क्लाउडवर, त्या खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावून. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा सांकेतिक क्रमांक, नोंदवावं लागतं. वकिलाला आजच सांगून ते काढून ठेवा, म्हणजे पुढे कुणी ‘फाइल बदलली’ म्हणू शकणार नाही. फोनला बोटाच्या ठशाऐवजी निदान सहा आकडी पिन ठेवा. ठसा जबरदस्तीने लावून घेता येतो.

पुन्हा धमकीचा फोन आला तर प्रत्युत्तर देऊ नका, शिवी तर अजिबात नको. स्पीकर चालू करून दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा आणि दोनच गोष्टी विचारा: ‘आपण कोण बोलताय?’ आणि ‘कुठल्या बातमीबद्दल?’ दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तपासात सोन्यासारखं असतं. फोन ठेवल्या ठेवल्या, दहा मिनिटांच्या आत, बोलणं वहीत उतरवून तारीख-वेळ टाका.

आता रस्ता. या काळात तुमचा खरा धोका तिथेच आहे. अंधार पडल्यावर मोटरसायकलवर एकट्याने तालुक्याबाहेर जाणं बंद. काम अडलं तर एसटीने जा किंवा मुक्काम करा. रोजची ठरलेली वेळ आणि ठरलेली टपरी बदला. तो पूल टाळता येत असेल तर लांबचा रस्ता घ्या. हेल्मेट घाला, गावातल्या गावातही. मागून तीच गाडी दोन वळणं घेऊन आली तर घरी जाऊ नका. पेट्रोल पंप, एसटी स्टँड, दवाखाना, जिथे दिवे आणि माणसं आहेत तिथे गाडी आत घाला आणि ११२ लावा. बाहेर पडताना एका माणसाला सांगा: कुठे, कुठल्या रस्त्याने, परत किती वाजता. व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशन आठ तासांपर्यंत चालू ठेवता येतं, ते त्याच माणसाला द्या. आणि त्याच्याशी आधीच ठरवा: परतायच्या वेळेपेक्षा अर्धा तास उशीर झाला तर फोन. फोन लागला नाही तर पुढच्या अर्ध्या तासात ११२, संपादक आणि दुसऱ्या दोन पत्रकारांना कळवायचं. ‘नेटवर्क नसेल’ म्हणून कुणी थांबायचं नाही. नेटवर्क नसलेल्या भागात जाणार असाल तर ते निघतानाच सांगा. बरोबर एक चिठ्ठी त्या माणसाकडे द्या: तुमचा रक्तगट, गाडीचा क्रमांक, धमकी देणाऱ्यांची नावं, तक्रारीचा आवक क्रमांक, वकिलाचा फोन. वाईट प्रसंग आलाच तर पहिल्या दोन तासांत पोलिसांसमोर ‘हा अपघात नाही’ असं कागद दाखवून सांगणारा माणूस लागतो.

पोलीस संरक्षण मागायचं तर अधीक्षकांकडे अर्ज करा, जिवाला धोका किती याची तपासणी होऊन निर्णय होतो. सोबत एक शिपाई फिरायला लागला की माहिती देणारी माणसं जवळ येणं बंद होतं, हाही विचार करून ठेवा. आमच्या मते तुमच्या बाबतीत आज गुन्हा नोंदवून घेणं आणि त्या दोघांना ठाण्यात बोलावलं जाणं याचा उपयोग जास्त होईल.

छापण्याच्या दिवसांकडे येऊ. सर्वात धोक्याचा काळ असतो तो ठेकेदाराला आणि अभियंत्याला प्रश्न पाठवल्यापासून बातमी छापून येईपर्यंतचा, आणि त्यानंतरचे तीन-चार दिवस. त्यामुळे क्रम उलटा करू नका. आधी कागद, मोजमापं, साक्षीदार, प्रती तालुक्याबाहेर. सगळं हातात आल्यावर प्रश्न, तेही लेखी, उत्तराला ४८ तास देऊन. प्रश्न तुमच्या नावाने न जाता जिल्हा कार्यालयाच्या ईमेलवरून जावेत. मुदत संपली की दुसऱ्याच दिवशी बातमी. आठवडाभर लांबवली तर तो आठवडा तुम्ही रस्त्यावर उघडे असता. उत्तर आलं तर ते पूर्ण छापा, ‘संपर्क होऊ शकला नाही’ हे वाक्य खरोखर संपर्क न झाल्याशिवाय लिहू नका. बातमी येईल त्या दिवसापासून चार दिवस कुटुंबासह बाहेरगावी राहता आलं तर उत्तम. वारिशे यांच्यावर हल्ला बातमीच्याच दिवशी झाला, हे विसरू नका.

मजकुरात आकडे बोलू द्या. ‘अमुक ठिकाणी ९० सेंटिमीटरऐवजी २५ आढळली, मोजमाप पुस्तिकेत ९० नोंदवून देयक अदा झाले’ हे पुरे. ‘कोट्यवधींचा मलिदा लाटला’ असं लिहिलं की तेवढ्या एका शब्दावर बदनामीची नोटीस येते. नोटीस आलीच तर घाबरू नका, उत्तर स्वतः देऊ नका, फोनवर दिलगिरी तर मुळीच नको. ते तुमच्याविरुद्ध वापरतात. उत्तर संपादक-प्रकाशकांच्या वकिलाने द्यायचं. बदनामीसाठी पोलीस परस्पर गुन्हा नोंदवू शकत नाहीत, फिर्यादीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागतं, आणि दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, अशी नव्या संहितेत कलम २२३ मध्ये तरतूद आहे. सार्वजनिक हितासाठी केलेलं खरं विधान हा बदनामीच्या कलम ३५६ मधला पहिलाच अपवाद आहे. फौजदारी फिर्यादीची मुदत तीन वर्षं. तेवढा काळ वह्या, टेपचे फोटो, ईमेल जपा. बातमीमुळे छळ होत असेल तर प्रेस कौन्सिलकडेही चार महिन्यांच्या आत तक्रार करता येते. कौन्सिल कुणाला शिक्षा करू शकत नाही, पण सरकारकडून खुलासा मागते आणि जिल्हा प्रशासनाला उत्तर द्यावं लागतं.

वहिनींचं म्हणणं राहिलं. त्या भित्र्या आहेत म्हणून ‘सोडून द्या’ म्हणत नाहीत. त्यांना या प्रकरणातलं अर्धंच माहीत असेल, म्हणून भीती दुप्पट वाटत असेल. त्यांना सगळं सांगा: कोण, काय बोलला, कागद कुठे ठेवलेत, तक्रारीची प्रत कुठे आहे, तुम्हाला उशीर झाला तर कुणाला फोन करायचा. शिलाईचं काम घेऊन अनोळखी माणसं घरी येतात, तेव्हा काही दिवस शेजारच्या बाई सोबत बसतील असं बघा. आणि सगळं ऐकूनही त्या ‘नको’च म्हणाल्या, तर कागद जिल्ह्याच्या प्रतिनिधीकडे देऊन तुम्ही या बातमीतून बाजूला व्हा. त्यात कमीपणा नाही. दोन्ही निर्णयांत पोलीस तक्रार मात्र द्यायचीच, कारण पुलावरच्या दोघांना तुमचा निर्णय कळवायला कुणी जाणार नाही.

उद्या सोमवार नसला तरी ठाणं उघडं असतं. आज रात्री तक्रार लिहून काढा, सकाळी वकिलाला वाचायला द्या आणि जाताना त्या दोन पत्रकारांपैकी एकाला बरोबर घ्या.